काटेवाले काका आणि आधाराचं माप

काटेवाल्या काकांचा जगातल्या एकाही काट्यावर विश्वास नव्हता. वाण्याच्या काट्यावर नव्हता, डॉक्टरांच्या काट्यावर नव्हता आणि विमानतळावर बॅगा मोजतात त्या काट्यावर तर मुळीच नव्हता. औषधांच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं, ते म्हणजे वजनकाटे खरं बोलतात की खोटं ते तपासणं. निवृत्त झाल्यावर इकडे अमेरिकेत माणसं गोल्फ खेळतात, परसात टोमॅटो लावतात, नातवंडांचे फोटो ग्रुपवर टाकतात. काकांनी पार्सिपनी आणि आसपासच्या गावांतले सगळे काटे स्वतःहून आपल्या देखरेखीखाली घेतले. खिशात एक मखमली डबी, डबीत पितळेचं शंभर ग्रॅमचं वजन. इंडियन ग्रोसरीत शिरले की माणसं आधी भाजीकडे जातात, काका काट्याकडे जायचे. डबी उघडायची, वजन चिमट्याने अलगद ठेवायचं, आकडा वाचायचा आणि मान हलवायची. ती आडवी हलली की दुकानाचे गुजराती मालक कपाळाला हात लावायचे. "अंकल, दो ग्राम का फरक है!" ते कळवळून म्हणायचे. "दोन ग्रामनं माणूस मरते बाप्पा," काका म्हणायचे. "अंकल, ये भिंडी है, दवाई नहीं है!" यावर काका शांतपणे म्हणायचे, "काट्याला काय माहीत, वर भेंडी आहे का औषध?" आणि भाईंना मुकाट्याने काटा नीट करून घ्यावा लागायचा. काकांचं खरं नाव त्या दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या मराठी मंडळींतही फारसं कुणी घेत नसे. ते सगळ्यांचेच काटेवाले काका होते.

काका मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांचं 'काऊन' आणि 'करून राहिली' सुटलं नव्हतं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथे कृत्रिम पाय होता. त्याला ते 'नवा' म्हणत आणि उजव्याला 'जुना'. "नव्याची कधी कुरकुर नसते," ते कौतुकाने सांगायचे, "जुनाच रोज काही ना काही काढते." नवा पाय लपवणं त्यांना मंजूर नव्हतं. बर्फ पडत असला तरी हाफ पँट. कुणी टक लावून बघितलं तर तेच थांबून त्याला पायाची माहिती द्यायचे, सांधा कसा फिरतो ते दाखवायचे, आणि बघणारा बिचारा बसची वाट बघत असेल तर त्याची बसही चुकवायचे. डॉक्टरांकडे वजन करायची वेळ आली की नर्सला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "विथ ऑर विदाउट?" नव्या पायाचं वजन, बुटासह आणि बुटाशिवाय, एका छोट्या कार्डावर छापून घेऊन ते पाकिटात ठेवत आणि नर्सकडून फाइलमध्ये लिहून घेत. एकदा कुणीतरी नवखी नर्स गोंधळली आणि डॉक्टर येऊन म्हणाले, वा, वजन छान उतरलंय तुमचं! काका म्हणाले, "जेवण तेवढंच आहे डॉक्टर. पाय काढून आलो आज." कधी कधी नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची. मग काका नव्या पायाच्या बुटाचं टोक मनापासून खाजवायचे, आणि आपण चमकून पाहिलं की समजावून सांगायचे, "मेंदूचा काटा आहे हा. शून्यावर यायला वेळ लागते त्याला."

माझी आणि त्यांची पहिली भेट एका दारात झाली. मी साताऱ्याची, जवळच्याच पिस्कॅटवे गावातल्या विद्यापीठात संशोधन करायला आलेली. माझी रूममेट नागपूरची. एप्रिलमध्ये इथल्या नागपूरकर मंडळींनी एका शाळेचा हॉल घेऊन आंबेडकर जयंती साजरी केली होती, तिथे ती मला घेऊन गेली. हॉलच्या दाराशी एक हाफ पँटवाले गृहस्थ दाराच्या मुठीला मासे तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवून जोर लावून ओढत होते. "काय पाहून राहिली? ये इकडे, धर हे, आकडा वाच," त्यांनी मला फर्मावलं. ना ओळख ना पाळख, मी आकडा वाचला. त्यांनी तो वहीत लिहिला आणि म्हणाले, "जय भीम. जड आहे दार. म्हातारं माणूस कसं उघडेल?" दारं ढकलायला किती जोर लागतो ते मोजण्याचा हा त्यांचा दुसरा उद्योग होता. बँक, दवाखाना, लायब्ररी, जिथे जातील तिथलं दार ते मोजत आणि जास्त भरलं तर व्यवस्थापकाला पत्र लिहीत. एक नाही, दार हलकं होईपर्यंत दर आठवड्याला. लोक हसत. पण त्यांच्या भागातल्या लायब्ररीचं दार सहा पत्रांनंतर बदललं, त्या दिवशी काका समोरच्या बाकावर दुपारभर बसून होते. वॉकर घेतलेल्या एक आजीबाई कुणाच्याही मदतीशिवाय आत गेल्या, तेव्हाच ते उठले. हे त्यांनी मला सांगितलं नाही, लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं.

मी कसलं संशोधन करते असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं तेव्हा ते जागच्या जागी थांबले. पाय गमावलेल्या माणसांना घरच्यांचा, मित्रांचा, आसपासच्यांचा किती आधार वाटतो, हे मोजायची एक प्रश्नावली आम्ही मराठीत तयार करत होतो. चौदा वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे अगदी पटतं. ती मराठी माणसांकडून भरून घ्यायची, तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायची आणि दोन्ही वेळा उत्तरं साधारण सारखी येतात का ते बघायचं, एवढं माझं काम. "म्हणजे तू काटा बनवून राहिली?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती ग्रोसरीवाल्या भाईंनी लगेच ओळखली असती.

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. घर लहान, नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली काकूंचा. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. काकांनी आधी संमतीपत्र वाचलं, शब्दन्‌शब्द, आणि दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं: "मला गरज पडली तर धावून येणारं कुणीतरी आहे, असं मला वाटतं." चष्मा काढला.

"वाटतं?"

"हो काका. वाटतं का, हेच विचारायचंय."

"पोरी, ताप आहे का हे थर्मामीटर विचारते का, तुम्हाला काय वाटतं म्हणून? कोणी येते का नाही ते मोज ना."

मी समजावलं की माणसाला आधार आहे असं वाटणं हीच मोठी गोष्ट असते. प्रत्यक्षात किती जण आले यापेक्षाही कधी कधी त्या वाटण्यानेच माणूस उभा राहतो. काकांनी विचार केला. "म्हणजे काटा खोटा असला तरी चालते, गिऱ्हाइकाला बरं वाटलं की झालं?" त्यांनी पेन उचललं आणि चौदाच्या चौदा वाक्यांपुढे चारवर गोल केला. पटतंही नाही, पटत नाही असंही नाही. "तपासल्याशिवाय मी वजन सांगत नसतो," ते म्हणाले. "तीन आठवडे आहेत ना? तपासून सांगतो."

चहा करता करता त्यांनी पायाची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे काय, दुसऱ्या कुणाची सांगावी तशी. काकूंच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलच्या फेऱ्या चालल्या होत्या. नवे बूट, त्यात डायबिटिस. टाचेला फोड आला. "तिचं तेवढं मोठं चाललेलं, त्यात माझा फोड कुठं सांगायचा?" काकू गेल्यावर तेरा दिवसांनी त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. तोवर उशीर झाला होता.

पुढच्या तीन आठवड्यांत काका मदत मागायला शिकले. एवढ्या वयात पोहायला शिकणाऱ्या माणसाने पाण्याकडे बघावं तसे ते फोनकडे बघत. पण पद्धत त्यांची कारखान्यातली: आधी हलकी वजनं, मग जड. पहिली पाळी समोरच्या इटालियन आजोबांची. पंधरा वर्षांत दोघांचं नातं मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. काकांनी त्यांना कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवाल का म्हणून विचारलं. आजोबांनी डबा नेला. पुढच्या आठवड्यात न सांगता नेला, रिकामा परत आणला, आणि त्यानंतर रोज सकाळी येऊन स्वतःच्या गुडघ्याची कथा सांगू लागले. "मदतीसोबत हे पण येते, हे तुझ्या कागदात कुठं आहे?" काकांनी मला फोन करून विचारलं.

मग भाई. काकांनी फोन करून तांदळाची पिशवी घरी पाठवता का विचारलं. भाई दुकान बायकोवर सोपवून स्वतः आले, आणि काका काही बोलायच्या आत काकांच्याच घरातल्या काट्यावर पिशवी ठेवून म्हणाले, "चेक कर लो, अंकल." भरली बरोबर. मग दारात घुटमळले. "दो हफ्ते से आप आये नहीं. सब ठीक है ना? बच्चे लोग भी पूछ रहे थे, तौलवाले अंकल कहाँ गये." हे मला सांगता सांगता काकांनी दोनदा चष्मा पुसला. मला वाटलं, ॲलर्जीचे दिवस आहेत.

तिसरी परीक्षा मोठी होती. गुरुवारी सकाळी दहाला नवा पाय तपासून घ्यायला जायचं होतं आणि एरवी काका स्वतः ड्राइव्ह करत. त्यांनी जयंतीच्या ग्रुपवर 'राइड मिळेल का' असा मेसेज लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. चौथ्या वेळी मी शेजारी होते. मी त्यांच्या हातातला फोन घेऊन पाठवून दिला. गुरुवारी त्यांच्या दारात चार गाड्या उभ्या. एकाने ऑफिसातून सुट्टी टाकलेली, दुसऱ्याने मीटिंग कॅन्सल केलेली, आणि "मी आधी रिप्लाय केला होता यार" असं म्हणत चौघांचं ड्राइव्हवेमध्ये चक्क भांडण. शेवटी काका एकाच्या गाडीतून गेले, दुसऱ्याच्या गाडीतून परतले आणि उरलेले दोघे मागून रिकाम्या गाड्या घेऊन फिरले. पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाने ती वरात बघून विचारलं, हे सगळे तुमच्या घरचे का? काका म्हणाले, "तपास चालू आहे."

मी एकदा सहज विचारलं, "आणि ताई?" त्यांची एकुलती एक मुलगी सिॲटलला असते. नोकरी, दोन लहान मुलं. काकांनी वही मिटली. "काट्यावर त्याच्या ताकदीच्या वर वजन ठेवलं ना, तर तो कायमचा बिघडते. मग कितीही दुरुस्त करा, शून्यावर येत नाही. तिच्यावर मी काही ठेवून पाहणार नाही." एवढं बोलून ते चहाच्या कपबश्या विसळायला उठले.

तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा काका आरामखुर्चीत बसले होते आणि उजव्या पायात बूट होता. काकांच्या घरात बूट घालून यायची कुणाची टाप नव्हती. इटालियन आजोबांनासुद्धा त्यांनी मोज्यांवर आणलं होतं.

"बूट का काका?"

"गार लागते."

जून सुरू झाला होता. मी खाली बसले आणि म्हटलं, बूट काढा. त्यांनी विषय बदलला, ग्रोसरीच्या काट्यावर आले, दारांवर आले. मी हलले नाही. शेवटी त्यांनी बूट काढला. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, जखम होती, आणि करंगळीकडची कड काळपट. वास आला. एवढ्या वर्षांत पायांबद्दल जेवढं वाचलं होतं तेवढं सगळं एकदम आठवलं.

"किती दिवस?"

काकांनी वही पुढे केली. एका पानावर वर 'जुना' असं लिहिलं होतं आणि खाली अकरा दिवसांच्या अकरा नोंदी. रोज सकाळी ते कॅलिपरने जखमेची रुंदी मोजत होते. मिलिमीटरमध्ये, दशांशासकट. आकडा रोज वाढत होता. मला रडू आलं आणि संतापही आला. "काका, अकरा दिवस तुम्ही हे मोजत बसलात? दाखवलं का नाही कुणाला?"

"दाखवलं तर नेतील." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. "एकदा नेला ना त्यांनी. हाही नेला तर मी कोणाचं दार मोजणार?"

मी गाडीची किल्ली काढली. ते म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. तूच सही घेतली, माहिती गुप्त राहील म्हणून. मी म्हटलं, "त्याच्या पुढची ओळ वाचा. सहभागी व्यक्तीच्या जिवाला धोका असेल तेव्हा सोडून." काकांनी खरोखरच फाइलमधून कागद काढला, ओळ वाचली आणि हरल्यासारखी मान हलवली. "कागद बरोबर आहे," ते म्हणाले. उठताना त्यांनी माझा हात धरला. याआधी त्यांनी तो कधी धरला नव्हता.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "फोन लाव तिला. आत्ताच. तिथं गेल्यावर मला जमणार नाही." स्पीकरवर ताईचा घाईतला आवाज आला, मागे मुलांचा गोंधळ. काकांनी सुरुवात केली, एक प्रश्नावली आहे, तिच्यात चौदा वाक्यं आहेत, त्यांची मी चाचणी घेऊन राहिलो, त्यात तुझं नाव बाकी आहे. असं पाचेक मिनिटं चाललं. पायाचा शब्द आला तो अगदी शेवटी आणि अगदी हळू. तिकडे मुलांचा आवाज थांबला. बहुधा ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"बाबा, वेट. तुम्ही मला ये म्हणताय?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुला जमत असलं तर..."

"बाबा. हो का नाही, ते सांगा."

"हो," काका म्हणाले. "ये."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये हजर होती, खांद्यावर लॅपटॉपची बॅग तशीच. कॉरिडॉरमध्ये माझ्याशी बोलताना तिचा धीर सुटला. "आईच्या फ्युनरलला ते लंगडत होते. मी विचारलं, तर म्हणाले शू बाइट आहे. आणि मी बिलीव्ह केलं." मग डोळे पुसून ती आत गेली. काकांनी तेच काट्याचं, जड वजनाचं सुरू केलं. तिने त्यांना मध्येच थांबवलं. "मला काय जड होतं ते मी ठरवणार बाबा. तुम्ही नाही." काकांची मान हलली, उभी. त्यांना कुणाचं एवढ्या लवकर पटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दोन बोटं गेली. पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी जुन्याचं नवीन वजन काय ते विचारलं, तेव्हा ताईने कपाळावर हात मारला आणि आम्हाला सगळ्यांना कळलं की काका ठीक आहेत. बाहेर ग्रुपमधली माणसं पाळीपाळीने बसली होती, भाईंच्या बायकोने थेपले पाठवले होते, आणि इटालियन आजोबा एका नर्सला स्वतःचा गुडघा दाखवत होते.

दुसऱ्यांदा प्रश्नावली भरून घ्यायला मी गेले तेव्हा जुलै उजाडला होता. काकांनी प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं. बहुतेक ठिकाणी सहा, काही ठिकाणी सात. एका वाक्यापुढे पाच. ते कुठलं, ते मी सांगणार नाही, सही घेतली आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सुस्कारा टाकला. दोन्ही वेळा आकडे सारखे यायला हवे होते. माझ्या प्रोफेसरांनी दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत ताडून पाहिले. मग म्हणाले, तुमच्या या गृहस्थांनी स्वतःवरच प्रयोग केलाय, त्यांना यातून वगळावं लागेल. मी घाबरत घाबरत हे काकांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते खूश झाले. "तुझा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "वजन बदललं."

सप्टेंबरमध्ये ते सिॲटलला गेले, कायमचे. ताईने विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले, यावर ग्रुपमध्ये कुणाचा विश्वास बसेना. विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेले होते. ताई न्यायला आलेली. लांब चालायचं म्हणून व्हीलचेअर मागवली होती. मला वाटलं, आता वाद होणार. पण काका जाऊन बसले, नवा आणि जुना दोन्ही नीट ठेवले आणि ढकलणाऱ्या माणसाला म्हणाले, "स्लोली, माय फ्रेंड. नो हरी." मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर." आणखी काहीतरी सांगणार होते, पण रांग पुढे सरकली. ताईचा हात त्यांच्या खांद्यावर होता. वळणावर त्यांनी मागे न बघता हात वर केला, आणि मग माणसांच्या गर्दीत ती खुर्ची दिसेनाशी झाली.

पार्किंगमध्ये येऊन मी गाडीत बसले, पण गाडी सुरू करवेना. सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे साताऱ्यात संध्याकाळ. आईला मी दर रविवारी फोन करते आणि सगळं छान चाललंय म्हणून सांगते. त्या दिवशी रविवार नव्हता. तिने पहिल्याच रिंगला उचलला. "काय गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "जरा वेळ बोल माझ्याशी."

तिने कारण विचारलं नाही. आज बाजारात मेथी कशी आली होती, तिथपासून तिने सांगायला सुरुवात केली.